रविवारची खुर्ची

१२ जानेवारी

आणि वर आम्ही हसतोय म्हणे!

खिडकीवरच्या माणसानं तुझ्या पुस्तकावरचा फोटो माझ्या नाकासमोर धरला आणि मला म्हणतो, "बघा की बाई, किती आनंदानं नेताय तुम्ही त्यांना. मग गाडी कशाला हवी?" ढब्बू, अंगाचा असा तिळपापड झाला माझ्या! मधे काच होती म्हणून वाचला तो.

फोन मुद्दाम केला नाही. फोन केला की तू "मावशी, मीटिंगमध्ये आहे गं" म्हणतेस आणि मीच वेड्यासारखी "बरं बरं, ठेव" म्हणते. कागदाला मीटिंग नसते. आता वाच.

मागच्या मंगळवारी सरकारी खात्याची गाडी आली नाही. ती पांढरी, मागून फळी उतरणारी. म्हटलं, बिघडली असेल. शुक्रवारीही नाही. तुला सगळं माहीत आहे, पण मोठ्या माणसांना विसरायची सवय असते म्हणून परत सांगते. मंगळवार-शुक्रवार गाडी यायची. दोन दणकट माणसं पट्ट्यांची खुर्ची घेऊन वर यायची, आमच्या घड्याळकाकांना तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची, इस्पितळात मशीनवर रक्त साफ करून आणायची आणि परत पलंगावर नेऊन बसवायची. साखरेच्या आजारात त्यांचा एक पाय गेला, मग मूत्रपिंडं गेली. मशीन चुकली की अंगावर सूज, छातीत धाप. दोनदा-तीनदा लागोपाठ चुकली तर काय होतं ते लिहीत नाही.

आमच्या इमारतीत लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. तिथे सायकली ठेवतात.

आज धुलाईघरात अर्धी रजा टाकली आणि चादरी तशाच भिजत ठेवून कचेरीत गेले. तो खिडकीवाला म्हणतो, "तुमच्याकडे शेजाऱ्यांचं जाळं भक्कम आहे असं संशोधनात आलंय. गाडी आता जिथे जाळं नाही तिकडे लावलीय." मी म्हटलं, "कसलं जाळं? आमच्या जिन्याच्या खिडकीला साधी जाळीसुद्धा नाही." तर त्यानं पुस्तक काढलं. वर आम्ही चौघी, मधे खुर्चीत काका, सगळ्यांचे दात बाहेर. खाली तुझं नाव.

अगं, तो रविवार होता! रविवारी आम्ही काय करतो ते तू डोळ्यांनी पाहिलंस. हातांची जुनी खुर्ची, तिच्याखाली दोन लोखंडी पाइप, धुलाईघरात टाकून दिलेल्या चादरींना पीळ घालून आवळलेले. पुढे मी आणि बेकरीवाली, मागे शिवणवाली आणि कंडक्टरीण. कंडक्टरीण प्रत्येक मजल्यावर बसमधल्यासारखी घंटीची डबल दिल्याशिवाय हलू देत नाही. काका दारापाशी बसतात, गल्लीतली बंद घड्याळं उघडतात, चार माणसांशी बोलतात, ऊन खातात. दुपारी परत वर. आठवडाभर चार भिंती बघणारा माणूस त्या दोन-तीन तासांवर जगतो. ती आमची हौस आहे. रविवारी हौसेनं केलं म्हणून कामाच्या दिवशी सक्तीनं करायचं होय? चौघींची हजेरी कोण लावणार, तुझं पुस्तक?

पण केलं. मंगळवारीही आणि शुक्रवारीही. कंडक्टरणीची पहिली बस तिच्यामुळे उशिरा सुटली, म्हणून तिला लेखी ताकीद मिळाली. बेकरीवालीच्या भट्टीत पाव जळाले. तिचा नवरा म्हणाला, घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानं आमचंच घड्याळ बिघडवलं. काकांनी ऐकलं ते.

तू काय लिहिलंस त्यात? चौथी शिकलेल्या बाईला कळेल असं मला लिही.

तुझी मावशी

२० जानेवारी

मावशी,

पत्र मिळालं. पाकिटावर लाल शाईत 'ढब्बू, मीटिंग सोडून वाचावे' लिहिलंस. ते आधी शिपायानं वाचलं, मग टेबलाटेबलावरून फिरत माझ्यापर्यंत आलं. आता इथे मला सगळे ढब्बू म्हणतात. धन्यवाद.

गाडीचं वाचून धक्का बसला. खरंच मला माहीत नव्हतं.

तुला कळेल असं सांगते. पुस्तक नाही गं ते, अहवाल आहे. घरात अडकून पडलेली, समाजातून तुटलेली माणसं पुन्हा चारचौघांत कशी येतील, हा विषय. आम्ही पाच वस्त्या बघितल्या. चार ठिकाणी शेजाऱ्याला शेजारी ठाऊक नव्हता. तुमच्याकडे मात्र तिसऱ्या मजल्यावरचा माणूस दर रविवारी रस्त्यावर येऊन बसत होता. मला तुमचा अभिमान वाटला, म्हणून तो फोटो वर घेतला. आणि आत स्पष्ट लिहिलंय की शेजाऱ्यांच्या अशा मदतीला सरकारी सेवेची जोड हवी. जोड, मावशी. सेवा काढून घ्या असं एका ओळीतही नाही. पण खात्यात बहुतेक पहिलं पान आणि फोटो एवढंच बघितलं गेलं असावं.

आणि एक बोलू? चिडू नकोस. मी प्रत्येकीला विचारलं होतं, उचलून न्यायला त्रास होतो का, गाडी बंद झाली तर काय कराल. शिवणवाल्या काकू म्हणाल्या, "छे, त्यांचं वजन ते काय!" बेकरीवाल्या म्हणाल्या, "गाडी आली काय नि नाही आली काय, आम्ही आहोत की." तू दारात उभी राहून माना डोलावत होतीस. सगळ्या ठेवणीतले कपडे घालून बसल्या होत्या. जाताना कंडक्टरताई जिन्यात माझ्या कानात म्हणाल्या, "तुझ्या मावशीनं बजावलंय आम्हाला, भाची येतेय, रडगाणं गायचं नाही." मी हसले आणि सोडून दिलं.

मग मी काय लिहायला हवं होतं, तूच सांग.

खात्यात बोलते. थोडा वेळ दे. काकांना नमस्कार सांग.

तुझी ढब्बू

२७ जानेवारी

हो, बजावलं होतं. मीच. मग?

घरी कुणी येणार म्हटलं की माणूस पसारा पलंगाखाली सारतो. माझ्या बहिणीची लेक एवढी शिकून आमच्या इमारतीत प्रश्न विचारायला येणार, त्या दिवशी मी शेजारणींना तोंडं पाडून ओळीनं बसवू? "कसं चाललंय" विचारलं की "बरं चाललंय" म्हणतात. ते काय उत्तर असतं होय? ते तर नुसतं दार उघडणं असतं. आत तू यायचं होतंस.

परकी कुणी असती तर मी बोलले नसते. तू दोन वर्षं माझ्याकडे राहिलीस, तुझ्या आईच्या आजारपणात. मी "काही नाही गं" म्हटलं की नक्की काहीतरी आहे, हे तुला सातव्या वर्षी कळायचं. पाटी टाकून जवळ येऊन बसायचीस. आता नावामागे डॉक्टर लागलं आणि तेवढंच कळेनासं झालं? बेकरीवाली "आम्ही आहोत की" म्हणाली, तेव्हा तिनं कमरेवर हात कुठे ठेवला होता बघितलंस? नाही. तू लिहीत होतीस.

आता इथलं ऐक. काकांनी जेवण अर्धं केलंय. मला वाटलं, आजारानं भूक मेली असेल. परवा मीच ताट घेऊन वर गेले, तर अर्धं बाजूला सारून म्हणाले, "पुरे, जिन्यावर तुम्हाला हलका पडेन." ढब्बू, तो माणूस आमच्यासाठी वजन कमी करतोय! शिवणवाली तुझ्यापुढे मोठ्या तोंडानं म्हणाली होती ना, त्यांचं वजन ते काय. त्यांनी आतल्या खोलीतून ते ऐकलं होतं. बोललं ते खरं करून दाखवायला निघालेत. मी त्यांना भरपूर बोलले. ताट संपेपर्यंत समोरून हलले नाही. दुसऱ्या दिवशी शिवणवालीनं सांगितलं, पाव खिशात घालून खिडकीवरच्या पक्ष्यांना टाकतात.

आणि शुक्रवारी म्हणाले, "आज बरं वाटतंय, आज राहू दे." ओठ निळसर झालेले, बोलताना दोन शब्दांमधे थांबतायत, आणि बरं वाटतंय! मी म्हटलं, "काका, बरं वाटण्यात माझ्याशी पैज लावू नका. आमच्याकडे सगळ्यांनाच बरं वाटतं, म्हणून तर गाडी गेली." नेलं त्यांना. कंडक्टरीण नव्हती, तिच्या जागी गल्लीतला पेपरवाला. त्याला डबल देता येत नाही आणि पावलं मोजून टाकता येत नाहीत. नुसता घामाघूम होतो.

अजून एक. काल तुझ्या आईचा फोन आला. आनंदानं नुसती उड्या मारत होती. तुला त्या पुस्तकाबद्दल मानचिन्ह मिळालं, टाळ्या वाजल्या, तिनं तो फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "ही माझी बहीण" म्हणून दाखवते. मला तर पहिल्यांदाच कळलं. तुझ्या पत्रात शिपाई आहे, टेबलं आहेत, मानचिन्ह कुठे आहे? पसारा पलंगाखाली सारायला तुलाही येतं की. माझ्याचकडे शिकलीस.

वेळ दे म्हणतेस. तुला हवा तेवढा घे. काकांकडे मंगळवार ते शुक्रवार एवढाच असतो.

मावशी

६ फेब्रुवारी

मावशी,

मानचिन्हाचं लिहायला हवं होतं. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. तुझं पत्र आल्यापासून ते कपाटात ठेवलंय.

खात्याच्या मोठ्या बाईंना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट नाहीत त्या. गाड्या थोड्या आणि माणसं फार, ही त्यांची अडचण खरीच आहे. तुमच्याकडची गाडी ज्या वस्तीत गेली तिथेही दोन म्हाताऱ्या कित्येक महिने घराबाहेर पडल्या नव्हत्या. फेरविचार होईल, पण वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्यात.

मी फार जोर लावू शकले नाही, हेही खरं सांगते. आमच्या पुढच्या अभ्यासाची मंजुरी त्यांच्याच सहीनं व्हायची आहे. माझ्याबरोबर सहा जण काम करतात. आमचे संचालक म्हणाले, सध्या खात्याशी वाकडं नको.

तोवर एक चांगली गोष्ट होऊ शकते. माणसाला सुरक्षित उचलून कसं न्यायचं, याचं एक दिवसाचं प्रशिक्षण खातं देतं. तुमच्या चौघींची नावं देऊ का? शेवटी प्रमाणपत्रही मिळतं.

तुझी ढब्बू

१९ फेब्रुवारी

मावशींच्या सांगण्यावरून हे पत्र मी, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा घड्याळवाला, लिहीत आहे. त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. त्या पलंगाशेजारी उभ्या राहून सांगतात, मी लिहितो. बसा म्हटलं तर बसत नाहीत.

ढब्बू, प्रमाणपत्र गेलं खड्ड्यात. (इथे दुसरा शब्द होता. मी बदलला आहे.)

परवा मंगळवारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची निसटली. तिथे भिंत आत आलीय, पुढच्या दोघींना उलटं चालावं लागतं, ते तू पाहिलंस. शिवणवालीचा पाय घसरला. चूक तिची नाही, रात्रभर गणवेश शिवत बसली होती. पाइपाचा सगळा भार माझ्या हातावर आला. मी सोडला असता तर काका डोक्यावर पडले असते. सोडला नाही. मनगटातून कडकन आवाज आला. काका बेकरीवालीच्या अंगावर पडले म्हणून त्यांना खरचटण्यावर भागलं. बेकरीवाली म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी पुरुष माझ्या गळ्यात पडला, तोही एका पायाचा." (त्या असं म्हणाल्या हे खरं आहे. जिन्यात सगळे हसले. मावशी हात धरून बसल्या होत्या आणि त्याही हसल्या. मी मात्र हसलो नाही.)

मग आम्हा दोघांना एकाच टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. ते मशीनवर, मी प्लास्टरच्या रांगेत. धुलाईघर त्याच इस्पितळाच्या मागे. माझ्याच धुतलेल्या चादरीवर मला निजवलं. डाग राहिला होता एका कोपऱ्यात. तेही लक्षात आलं माझ्या. आता सहा आठवडे काम नाही.

ते घसरणं तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. (मावशींनी आधी असंच म्हटलं होतं, मग खोडायला सांगितलं.) पण त्या वळणावर आम्ही मंगळवारी होतो कशाला, याचं उत्तर तुझ्याकडे आहे. आम्हाला उचलायला शिकवू नकोस. आम्हाला येतं. ज्यांना पगार मिळतो त्यांना उचलायला सांग. सरकारी गाडीनं मशीनवर जाणारा माणूस कुणाच्या उपकारात नसतो. आमच्या खुर्चीत बसला की दर वेळी डोळे खाली घालून बसतो. हे आम्हाला स्पष्ट दिसतं आणि आम्हाला ते नको आहे. आम्हाला तो माणूस रविवारी दारापाशी बसून टिंगल करणारा हवा आहे. एवढं कळलं का?

मावशी

ताई, मावशी खाली गेल्या आहेत. पाकीट मीच चिकटवणार आहे, म्हणून माझ्याकडून चार ओळी.

अहवालाची प्रत तुम्ही मला पाठवली होती. फोटो छान आहे, सगळे तसं म्हणतात. तुम्ही तो पुन्हा एकदा बघा. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. लोकांना वाटतं, उन्हामुळे किंवा आनंदानं. ते तेच वळण आहे. पहिल्या दिवसापासून तिथे मला फार भीती वाटते. इतकी की ओरडावंसं वाटतं. खाली जायची ओढ आहे म्हणून डोळे मिटून घेतो. त्या बायका एवढ्या हौसेनं नेतात, त्यांना कसं सांगणार? तुम्ही मला विचारलं होतं, "खाली आल्यावर कसं वाटतं?" छान वाटतं म्हणालो, ते खरंच होतं. खाली येताना कसं वाटतं, ते तुम्ही विचारलं नाही.

हे मावशींना सांगू नका, एवढी विनंती.

२७ फेब्रुवारी

मावशी,

हात कसा आहे? आईला अजून सांगितलं नाही, तू सांगितलं नसावंस म्हणून.

मी फोटो पुन्हा पाहिला. बराच वेळ पाहिला. जास्त लिहीत नाही. आईकडे जाऊन भिंतीवरचा काढून आणला. का, म्हणाली. चुकीचा छापलाय म्हटलं.

सोमवारी मी खात्याला सहीनिशी लिहून दिलं, की माझ्या अहवालाचा अर्थ उलटा लावला गेला, त्या आधारावर गाडी बंद करणं चूक आहे आणि त्यामुळे एक अपघात झाला आहे. अहवालासाठी केलेल्या माझ्या पाहणीतही उणीव राहिली, मदत करणाऱ्यांना आणि मदत घेणाऱ्याला मी वेगवेगळं बसवून विचारलं नाही, हेही लिहिलं. संचालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण फरक पडला. मोठ्या बाई स्वतः पाहणीला येणार आहेत, मंगळवारी, १७ मार्चला, सकाळी, काकांच्या इस्पितळात जायच्या वेळेला. त्यांना पटलं तर गाडी लगेच परत सुरू करण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. हीच एक संधी आहे, मावशी. म्हणून पाया पडून सांगते, तुझ्या नेहमीच्या पद्धतीनं बोलू नकोस. जिना झाडून घ्या. सगळ्या जरा नीट तयार राहा. चहा ठेवा. बाईंना वाटलं पाहिजे की इथली माणसं समजूतदार आहेत.

मी येऊ शकेन असं वाटत नाही. संचालकांचं म्हणणं, मी समोर नसलेलीच बरी, नाहीतर बाईंना वाटेल मीच तुम्हाला पढवलं. मी इथून बघते.

तुझी ढब्बू

५ मार्च

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच. काकांना लिहायला सांगितलं नाही, कारण खाली जे आहे ते त्यांना कळायला नको.

सही केलीस, चांगलं केलंस. त्याबद्दल शाबासकी हवी असेल तर ही घे. आता पुढचं.

जिना झाडून ठेवा, नीट तयार राहा, चहा ठेवा. अगं, हे तर मी सांगितलं होतं! तू यायच्या आधी, अगदी याच शब्दांत. आणि त्याचं काय झालं ते माझ्या गळ्यात बांधलंय, प्लास्टरमध्ये. तू मला विचारलंस मग मी काय लिहायचं होतं, आणि आता तूच आम्हाला तोच पसारा त्याच पलंगाखाली सारायला सांगतेस? एवढा कागद आपण दोघींनी कशासाठी काळा केला?

नाही. या वेळी काही झाडायचं नाही. काल चौघी बसलो आणि ठरवलं. बेकरीवाली पिठाच्या कपड्यात, कमरेचा पट्टा वरून दिसेल असा. शिवणवाली रात्रपाळी करून आलेले डोळे घेऊन. कंडक्टरीण ताकिदीची चिठ्ठी हातात घेऊन. मी अशी. चहा नाही. बाईंना तहान लागली तर पाणी मिळेल. आणि कुणीही हसायचं नाही.

आता ते हसण्याचं. तुला काकांनी माझ्यामागून काहीतरी लिहिलं, हे मला माहीत आहे. मी खाली गेले तेव्हा पाकीट उघडं होतं आणि वर आले तर चिकटलेलं, आणि ते माझी नजर चुकवत होते. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. तूही सांगू नकोस. पण तू फोटो बराच वेळ बघितलास म्हणतेस, त्यावरून ओळखलं.

त्यांना वाटतं, वळणावर त्यांना भीती वाटते हे आम्हाला ठाऊक नाही. अगं, खुर्चीचे दोन्ही हात असे घट्ट धरतात की पाइपापर्यंत थरथर येते आमच्या तळव्यात. पहिल्याच रविवारी कळलं. तेव्हापासून वळण आलं की कंडक्टरीण डबल देते, बेकरीवाली काहीतरी वाह्यात बोलते आणि आम्ही सगळ्या मोठमोठ्यानं हसतो. त्यांच्या तोंडून आवाज निघाला तर आमच्या आवाजात बुडून जावा, त्यांना नंतर लाज वाटू नये म्हणून. ते हसू तू टिपलंस. आणि त्या हसण्यावर आमची गाडी गेली.

म्हणून या वेळी नाही हसायचं. काय आवाज निघायचा तो निघू दे.

पण तो आवाज काकांचा निघता कामा नये. एवढं होऊनही त्यांना मी बाईंपुढे तमाशा करून त्या खुर्चीत बसवणार नाही. त्या दिवशी त्यांना पेपरवाला आणि त्याचे दोन भाऊ अंधार असतानाच हळू उतरवून टॅक्सीत घालतील. बाई येतील तेव्हा तिसऱ्या मजल्यावर खुर्ची रिकामी असेल. मी बाईंना म्हणणार, बसा. फार काही नाही, रस्त्यापर्यंत न्यायचंय. शेजाऱ्यांचं जाळं भक्कम आहे ना, मग घाबरायचं काय?

त्या बसायच्या नाहीत. कुणी शहाणी बसणार नाही. हसून म्हणतील, अहो कशाला, मला कळलं. तिथेच सगळं संपेल. "कळलं" म्हणून माणसं निघून जातात, ते मी आयुष्यभर बघितलंय.

म्हणून त्यांच्याआधी तू बसायचंस. बाईंच्या डोळ्यांसमोर. तीन मजले. माझ्या कोपऱ्याला बेकरीवालीचा नवरा असेल, त्याला मी कबूल करून घेतलंय. तोही आता घड्याळाचं काही बोलत नाही. तू आमच्या घरची आहेस, तुला नाही म्हणता येणार नाही. आणि तुझ्या मागोमाग बाईंना नाही म्हणणं जड जाईल. पढवलं वाटेल म्हणतेस? वाटू दे. खुर्चीत बसलेल्या माणसाला काय पढवणार? वळण आलं की त्याला जे वाटायचं ते वाटतंच.

एकच अट. डोळे मिटायचे नाहीत. खाली पोचेपर्यंत.

संचालकांना विचारत बसू नकोस. ते तुझे संचालक आहेत, मी तुझी मावशी आहे. सात वर्षांची होतीस तेव्हा ताप आला की तुला मीच उचलून दवाखान्यात नेत होते, याच जिन्यानं, एकटीनं, आणि तू माझ्या खांद्यात तोंड खुपसून "सोडू नको" म्हणायचीस. सोडलं का कधी?

गुरुवारपर्यंत उत्तर हवं. बारा तारीख. "बघते" हे उत्तर नाही. "प्रयत्न करते" हेही नाही. येते किंवा येत नाही, एवढंच लिही. गुरुवारच्या टपालात काही आलं नाही, तर येत नाही असं समजून मी माझ्या एका हातानिशी त्या खुर्चीत बसेन, आणि त्याचा फोटो तुझ्या आईला पाठवीन, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यासाठी.

मावशी